फोटो, चारित्र्य आणि एक हजार जागा

गेल्या विकांताला मामेबहिणीचा फोन आला. ती बारावीला आहे आणि तिला अमेरिकेत शिकायचंय. इंजिनिअरिंग नाही हं, 'लिबरल आर्ट्स'. म्हणजे सुरुवातीला गणित, ग्रीक नाटक, अर्थशास्त्र, जे आवडेल ते शिकायचं आणि मुख्य विषय कोणता ते दुसऱ्या वर्षी ठरवायचं. (हे ऐकून मामाचा चेहरा कसा झाला ते सांगायला नकोच!) "दादा, अर्जासोबतचा निबंध पाठवलाय, वाचून सांग ना."

निबंध आजीच्या आजारपणावर होता. साधा, सरळ. मी वाचला आणि अगदी अनुभवी माणसासारखा सल्ला दिला, "शेवट अजून थोडा हलवणारा कर. त्या अनुभवातून तू काय शिकलीस ते ठळक येऊ दे."

ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "पण दादा, मी काही शिकले वगैरे नाही रे. मला नुसतं वाईट वाटलं."

फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. आणि मग तो किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. परीक्षा आहे, मार्क आहेत, तर सतरा वर्षांच्या पोरीच्या आजीचं आजारपण कॉलेजला हवंय कशाला? ही पद्धत आली कुठून? रविवार त्यातच गेला. जे सापडलं ते असं...

हार्वर्डचंच उदाहरण घेऊ. स्थापना १६३६ ची, पण आपल्याला एवढं मागे जायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला प्रवेश आपल्या सीईटीच्या जवळचा होता. प्रवेशपरीक्षा द्या, पास व्हा, फी भरा, आत या. परीक्षेत लॅटिनसारखे विषय असायचे, त्यामुळे महागड्या खाजगी शाळांतल्या मुलांना फायदा व्हायचा हे खरं. पण दार परीक्षेने उघडायचं. आणि मग झालं असं की भलतेच लोक पास व्हायला लागले.

भलते म्हणजे कोण? पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची मुलं. शिंप्यांची, दुकानदारांची, सरकारी शाळांत शिकलेली. १९०० साली हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी साधारण ७ टक्के होते, १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांच्या पुढे गेले. अध्यक्ष होते ॲबट लॉरेन्स लॉवेल, बॉस्टनच्या जुन्या खानदानातले. त्यांना भीती वाटली की ज्यू वाढले तर 'चांगल्या घरची' मुलं दुसरीकडे जातील. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १९२२ मध्ये त्यांनी सरळ सुचवलं की ज्यूंची संख्या १५ टक्क्यांवर रोखावी.

निदान प्रामाणिक तरी होते म्हणा! पण हे बाहेर आलं आणि वर्तमानपत्रांतून एकच गदारोळ झाला. प्राध्यापकांची समिती बसली आणि १९२३ मध्ये तिने कोटा नाकारला. उलट एक नवी वाट सुचवली: देशातल्या कुठल्याही शाळेत वरच्या एक-सप्तमांशात असलेल्या मुलाला परीक्षेशिवाय प्रवेश. हेतू असा की दक्षिणेकडची, पश्चिमेकडची मुलं यावीत. पण हुशार ज्यू मुलं त्या वाटेनेही आली. १९२५ च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त होतं.

आता इथे गोष्टीला वळण लागतं. १९२२ पासूनच अर्जात काही नवे प्रश्न आले होते. वंश कोणता, धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडिलांचा जन्म कुठला, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केलाय का. (हे वाचताना हसू येत नाही. आडनावावरून माणूस ओळखायची विद्या आपल्याला कुणी शिकवायला नको.) कार्यालयात मुलांची वर्गवारी व्हायची: नक्की ज्यू, बहुधा ज्यू, कदाचित ज्यू. मग १९२६ मध्ये पहिल्या वर्षाच्या जागा १००० वर बांधल्या गेल्या, 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन आलं आणि अर्जासोबत फोटो मागायला सुरुवात झाली.

यातली मेख लक्षात येतेय का? कोटा लिहिला तर तो कुणीही वाचू शकतं, त्याच्याविरुद्ध ओरडू शकतं. मार्क असतील तर दोन मुलांची तुलना करता येते. पण 'चारित्र्य' कसं मोजणार? नाकारलेल्या मुलाला विचारायलाही जागा नाही. लॉवेल १९३३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ज्यूंचं प्रमाण साधारण त्यांना हवं होतं तिथेच, १५ टक्क्यांच्या आत आलेलं होतं. कोटा कुठेच लिहिलेला नव्हता.

आता आपल्या घरची गोष्ट. हे सगळं चालू असताना त्याच आवारात एक मराठी पोरगा वावरत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे पंडित, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डने बोलावलेले. गोव्यात जन्मलेला हा मुलगा केंब्रिज गावातल्या शाळेत शिकला, १९२४ मध्ये हार्वर्डमध्ये शिरला, मध्ये भारतात येऊन परत गेला आणि १९२९ मध्ये 'सुमा कम लाउडी', म्हणजे सर्वोच्च सन्मानाची पदवी घेऊन बाहेर पडला. बर्कहॉफसारख्या मोठ्या गणितज्ञाने त्याला फक्त गणितावर लक्ष दे म्हणून सांगितलं. याने ऐकलं नाही! गणिताच्या जोडीला भाषा आणि जे जे दिसेल ते शिकत बसला.

त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला माहितीये. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, डेक्कन क्वीनने ये-जा करत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी केली, जुन्या नाण्यांची वजनं करून संख्याशास्त्राने इतिहास वाचला, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि १९५६ मध्ये भारताच्या इतिहासावरचं ते गाजलेलं पुस्तक लिहिलं. आमच्या कॉलेजात असता तर "हा विषय तुमच्या सिलॅबसला नाही" म्हणून पहिल्याच आठवड्यात गप्प केला असता.

म्हणजे पंचाईत बघा. आतलं शिक्षण असं की त्यातून कोसंबी तयार व्हावा, आणि त्याच वर्षांत दारावर फोटो बघून माणसं गाळायची यंत्रणा उभी राहतेय. दोन्ही एकाच लॉवेलच्या कारकिर्दीत! आत तरी सगळे सारखे होते का? तेही नाही. १९१४ पासून काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत लॉवेलनी जागा नाकारली होती, ते धोरण १९२३ मध्ये नियामक मंडळाने मोडून काढलं. आणि पत्रकार थिओडोर व्हाइट, जो १९३४ मध्ये शिष्यवृत्तीवर आला, त्याने लिहून ठेवलंय की घरून ये-जा करणाऱ्या, डबा आणणाऱ्या त्याच्यासारख्या गरीब मुलांना तिथे 'मीटबॉल' म्हणत.

बरं, ही जुनी गोष्ट, आता काय त्याचं? तर यंत्रणा राहिली, फक्त कामं बदलली. पुढे याच 'अख्खा माणूस बघायचा' पद्धतीने काळ्या आणि गरीब मुलांसाठी दारही उघडलं गेलं, हे विसरून चालणार नाही. पण २०१४ मध्ये आशियाई वंशाच्या मुलांच्या बाजूने हार्वर्डवर खटला झाला. २०१८ च्या सुनावणीत आकडे बाहेर आले. मार्कांत पुढे असलेल्या या मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण मात्र सरासरीने कमी. खालच्या कोर्टाला यात मुद्दाम केलेला भेदभाव दिसला नाही. पण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंशाचा विचार करून प्रवेश देणंच बंद केलं. त्याच खटल्यात हेही कळलं की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांना प्रवेश मिळत होता, आणि इतरांत शंभरातल्या सहाएक जणांना. बापाच्या कॉलेजचा विचार मात्र त्या निकालाने बंद केला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आपली मेरिट लिस्टच बरी. मीही रविवारी दुपारपर्यंत तेच म्हणत होतो. २०१६ साली मी कॅप राऊंडला बसलो तेव्हा मला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुला काय आवडतं. नंबर आला, मेकॅनिकल मिळालं, घेतलं. (आज काय करतोय? कोडिंग!) त्या नंबराचा मला कित्येक वर्षं राग होता. लातूरला नाहीतर कोट्याला क्लास लावायला कुणाच्या बापाकडे पैसे होते ते त्या नंबरात दिसत नाही. आणि यादी संपते तिथून मॅनेजमेंट कोटा सुरू होतो, तो वेगळाच. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. यादी सगळ्यांसमोर होती. माझ्या पुढे कोण आणि का, हे मला वाचता येत होतं. 'तुझं व्यक्तिमत्त्व कमी पडलं' असं सांगून मला कुणी घरी पाठवलं नाही. नंबराने माझा अपमान केला असेल, पण माझ्या आईचं माहेरचं आडनाव विचारलं नाही.

रात्री बहिणीला फोन केला. म्हटलं, "तो शेवट नको बदलूस. वाईट वाटलं तर वाईट वाटलं एवढंच लिही."

"पण मग सिलेक्शन नाही झालं तर?"

आता याचं काय उत्तर देणार? तिथे शंभरातल्या चारेक जणांनाच घेतात, आणि का घेतलं नाही ते कुणी सांगत नाही. म्हटलं, "नाही झालं तर तो तुझ्यावरचा निकाल समजू नकोस. आणि कोसंबी वाच, इथे बसून."

"ते सिलॅबसला आहे का?" बाईसाहेबांनी विचारलं.

असो. मामाला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हाला कसा प्रवेश मिळाला होता, यादीने की ओळखीने? खरं खरं सांगा.