रयत ते नागरिक : हिंगोलीचा उशिरा उजाडलेला दिवस

आपण नागरिक कधी झालो, असं वस्तीतल्या पोरांना विचारलं की उत्तर येतं, "१५ ऑगस्ट १९४७." उपासक-उपासिकांनो, हिंगोलीकरांपुरतं हे उत्तर चूक आहे.

त्या दिवशी आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. आपला स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. दरबाराची भाषा उर्दू, चलन हाली सिक्का, आणि माणूस म्हणजे रयत. रयतेने अर्ज करायचा, मेहरबानी झाली तर ठीक. आपल्या माणसांच्या वाट्याला त्याहून वाईट. गावकीची कामं, वेठ आणि पाणवठ्यावर मज्जाव. तरीही परमपूज्य बाबासाहेबांनी त्या काळात संस्थानातल्या आपल्या लोकांना बजावलं होतं की निजामाची बाजू घेऊ नका. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं.

मुक्त झालो, पण नागरिक अजून व्हायचे होतो. दिल्लीत घटना समिती बसली होती, तिच्यात हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी नव्हता. हिंगोली, बसमत, कळमनुरीच्या वतीने बोलायला तिथे कोणी नाही! पण मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बाबासाहेब होते. आम्हाला हे आठवलं की आजही भरून येतं. संविधान स्वीकृत होण्याच्या तीनच दिवस आधी, २३ नोव्हेंबर १९४९ ला, निजामाने फर्मान काढून ते आपल्या राज्याला लागू होईल असं मान्य केलं. २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम राजप्रमुख झाला. मान त्याचा राहिला, पण कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निजामाला एक मत, आणि दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या आपल्या आजीलाही एकच.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. कलम २५ प्रमाणे धर्म स्वीकारणं हा हक्कच. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीसाठी हिंदू असण्याची अट होती. म्हणजे एक हक्क वापरला की दुसरा गेला! महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांची दारं बौद्धांना बंदच राहिली. १९९० मध्ये संसदेने कायदा बदलला. चौतीस वर्षं! तेवढ्यात एक पिढी नोकरीच्या वयाची होऊन निघून गेली. तरी लोकांनी धम्म सोडला नाही, हे आपण पोरांना सांगतो का?

आता कर्तव्यांचं. मूलभूत कर्तव्यं १९७६ साली संविधानात आली, तेव्हा ती दहा होती. अकरावं २००२ मध्ये जोडलं. सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांना शिक्षणाची संधी देणं हे आई-बापाचं कर्तव्य. हे वाचून काही जण म्हणतील, यात काय नवीन? जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातलेल्यांना विचारा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर उतारा कुठून आणायचा? मग जुनी महसुली कागदं धुंडाळा, ती पुष्कळदा उर्दूत, आणि उर्दू वाचणारा शोधत फिरा. ज्यांना शाळेत बसू दिलं नाही, त्यांच्याच नातवांकडे शाळेची नोंद मागतात, याची आम्हाला चीड येते.

तरी कागद लागतोच. ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या पिशवीत आजोबा-पणजोबांच्या नावाचं काही असेल, खासरा पाहणीची नक्कल, कोतवाल बुकाची नक्कल, काहीही, तर ते विहारात घेऊन या. रविवारी वंदनेनंतर बसू, ओळ न् ओळ वाचू. आणि कुणाच्या ओळखीत उर्दू वाचणारे चाचा असतील, तर त्यांनाही चहाला बोलवा.