हौद, नळ आणि आमचा पंप

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठवला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. कथा-कविता माझ्या हातच्या नव्हेत, आणि पाककृती देणाऱ्या भगिनी आपल्यात माझ्याहून सरस आहेत. "मग पाण्याचं लिहा ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या पंपाची गोष्ट नव्या मुलींना कुठे ठाऊक आहे?" ती गोष्ट सांगताना माझी मान थोडी खालीच जाते. तरीही लिहिते. मात्र पंपाकडे येण्यापूर्वी आपल्या पुण्याच्या पाण्याची जुनी हकिगत सांगायला हवी; कारण आमची चूक कोठे झाली ते त्यावाचून नीट उमगणार नाही.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणले गेले. जमिनीखालून दगडी, चुनेगच्ची नळ बांधला. नळ म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली तोटी नव्हे. आत माणूस उतरून चालू शकेल एवढा तो प्रशस्त होता. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे आत कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहावी आणि गाळ काढायला उतरता यावे. हे पाणी शनिवारवाड्यात गेले, तसेच पेठापेठांतील हौदांतही आले. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावाकडून आणखी एक नळ आणवला. या साऱ्या व्यवस्थेत ना यंत्र होते, ना वीज. कात्रज उंचावर आणि शहर सखल, एवढ्या एकाच आधारावर पाणी चालत आले. उंची हाच त्या काळचा पंप!

हौदाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. हौदावर कोणाच्या घागरीत पाणी जोराने पडते आणि कोणाच्या हळू, हा प्रश्नच उद्भवत नसे. पाणी एका ठिकाणी येऊन थांबे आणि मग माणसे ते भरून नेत.

परंतु कोणी भरून न्यायचे? येथे मात्र आपल्या पूर्वजांची मान खाली जाते. जातीच्या विटाळापायी कित्येकांना हौदाच्या जवळ फिरकूही देत नसत. १८६८ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तेव्हा सावित्रीबाईंच्या दारात काय वादळ उठले असेल, याची आज आपण नुसती कल्पनाच करावी. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तो दिवस तर सर्वांना ठाऊक आहेच. पाणी नुसते येऊन भागत नाही. ते कोणाकोणापर्यंत पोहोचते, हा खरा प्रश्न, एवढे या दोन प्रसंगांतून घेऊन पुढे जाऊ.

इंग्रजी अमदानीत पाण्याची गरज वाढली. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले. धरणातून कालवा, कालव्यातून पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था आणि तेथून लोखंडी नळ, अशी नवी साखळी उभी राहिली. हौदावरचे पाणी हळूहळू घरात आले. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. मात्र हौद दिसेनासा झाला, तसे शेजारणीला किती पाणी मिळाले हेही दिसेनासे झाले.

नळ किती परावलंबी करतो, हे मी लहानपणीच पाहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमचे घर उंचावर असल्याने वाचले, पण नदीकाठच्या पेठांतील हजारो संसार वाहून गेले. पूर ओसरला, तशी सगळीकडे चिखल आणि घरातले नळ कोरडे! आमच्या वाड्यात एक जुना आड होता. नळ आल्यापासून त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. आजीने माणसे लावून तो उपसून घेतला आणि रहाट पुन्हा बसवला. दूरदूरच्या बाया कळशा घेऊन येऊ लागल्या. आजी दारात पाट टाकून बसे आणि एकच सांगे, "आधी लेकुरवाळ्या, मग बाकीच्या." कोण कोठली हे तिने विचारलेले मला आठवत नाही.

असो. यानंतर आमच्या पंपाची गोष्ट.

लग्नानंतर काही वर्षे आम्ही वाड्यातच होतो. पुढे वाडा पाडून तेथे तळमजला आणि वर तीन मजले अशी इमारत झाली. प्रत्येक मजल्यावर दोन, अशी आठ बिऱ्हाडे. आम्हांला तिसरा मजला मिळाला. उजेड, वारा, सारे भरपूर. पाणी मात्र वर चढेना. पहाटे पाचला तोटी सोडावी, तर करंगळीएवढी धार. सहा वाजता तीही बंद. तळमजल्यावरून बादल्या वाहून माझ्या सासूबाईंची कंबर धरली.

याचे कारण सरळ आहे. पाणी दहा मीटर वर चढवायचे, तर त्यामागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो एवढा दाब लागतो. वाडे एकमजली-दुमजली होते, तोवर नळाचा दाब पुरत होता. वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, त्याच नळावर तोट्या वाढल्या, आणि जुन्या लोखंडी नळात गंज धरून आतली वाट अरुंद झाली. मग खालच्या तोट्यांनी पाणी घेतल्यावर वर काय चढणार?

तेव्हा १९८४ साली आम्ही पंप आणला. येथे थोडे विषयांतर करते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे गाव लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर वसवले. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्यात १९२६ च्या सुमारास पंप होऊ लागले. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. विहिरीचे पाणी वर काढणारे यंत्र आणि बाईला चार भिंतींच्या वर पाहायला लावणारे मासिक एकाच माळावरून यावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. पंप आपल्या तोंडाशी पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्याला त्या पोकळीत ढकलतो. इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४४ च्या सुमारास हे रहस्य उलगडले. हवेचा भार पाण्याला फार तर दहा मीटर उचलू शकतो. व्यवहारात सात मीटरही पुष्कळ झाले. यासाठी पंप पाण्याच्या जवळ, खाली बसवावा लागतो. तेथून वर ढकलण्याचे काम मात्र तो हौसेने करतो. आम्हीही अर्ध्या अश्वशक्तीचा पंप जिन्याखाली बसवला आणि आमच्या नळावर थेट जोडून दिला.

पहिल्या दिवशी बटण दाबले, आणि तिसऱ्या मजल्यावर धो धो पाणी! सासूबाईंनी पंपाला हळदकुंकू वाहिले. मी साऱ्या इमारतीला शिरा वाटला. तळमजल्यावरच्या काकूंनाही दिला.

काकू एकट्या राहत. यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा परगावी. चार दिवसांनी त्या जिना चढून वर आल्या. वयामुळे त्या सहसा वर येत नसत. "अगं, तुझी मोटर चालू असेल तर जरा माझ्याबरोबर खाली ये," एवढेच म्हणाल्या. मी गेले. त्यांच्या मोरीतली तोटी उघडीच होती. पाण्याचा थेंब नव्हता. उलट आत हवा शिरल्याचा सूं सूं आवाज येत होता. "हात लाव," त्या म्हणाल्या. मी तोटीच्या तोंडावर तळहात धरला, तो आत ओढला गेला! माझा पंप माझ्या घरी पाणी चढवत होता आणि काकूंच्या तोटीतून हवा ओढत होता. चार दिवस त्यांनी शेजारच्या इमारतीतून दोन-दोन कळशा आणून भागवले होते.

"काकू, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"तुझ्या सासूची कंबर पाहत होते ना मी. म्हटलं, तिला चार दिवस सुख होऊ दे," काकू म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "हौदावरसुद्धा रांग असायची गं. पण मागचीला रिकामी घागर घेऊन परतावं लागत नसे."

मी वर जाऊन पंप बंद केला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजीच्या आडाची आठवण सारखी येत होती.

नळकाम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले, तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती सर्व भगिनींनी ध्यानात धरावी. नळात पाणी दाबाने भरलेले असते तोवर फटीतून पाणी बाहेर जाते. बाहेरची घाण आत येत नाही. थेट पंप लावला की नळात पोकळी होते, आणि मग तो फटीतून बाहेरचे आत ओढू लागतो. जवळून गटार जात असेल तर गटाराचेही पाणी! कावीळ आणि जुलाब घरात येण्याची ही एक वाट आहे. नगरपालिकांचे नियम अशा जोडणीला मनाई करतात, ते उगीच नव्हे.

मग काय करायचे? सासूबाईंना पुन्हा बादल्या वाहायला लावायच्या? आपल्या मंडळाच्या बैठकीत मी हा प्रश्न मांडला आणि आमची चूकही सांगितली. इमारतीतल्या सहाजणी मंडळाच्या सभासद होत्या. कोणी बोल लावला नाही. हिशेबात हुशार असलेल्या एका भगिनीने तेथेच पाटीवर आकडे मांडले: आठ बिऱ्हाडांत चाळीस माणसे; माणशी दिवसाला १३५ लिटर; म्हणजे ५,४०० लिटर. जमिनीत ६,००० लिटरची टाकी बांधायची. नळाचे पाणी आपल्या पावलाने तिच्यात येऊन पडेल. पंप नळातून नव्हे, त्या टाकीतून पाणी घेईल, गच्चीवरच्या टाकीत चढवेल, आणि तेथून उंचीच्या जोरावर ते साऱ्यांना मिळेल. एक अश्वशक्तीचा पंप तासाभरात काम उरकेल; वीज रोज सुमारे एक युनिट, आठ वाटण्या.

अडचण निघाली ती वर्गणीची. तळमजल्याला पाणी आयते मिळत होते. त्यांनी पैसे का द्यावेत? दोन बैठका या वादात गेल्या. शेवटी काकूच उठल्या आणि म्हणाल्या, "माझा आठवा हिस्सा लिहून घ्या. वर पाणी गेलं नाही तर उद्या पुन्हा कोणी मोटर लावील, आणि पुन्हा माझीच तोटी सुकेल." यावर बोलायला कोणाला काही उरले नाही. आमचा जुना पंप विकून जे आले, ते आम्ही आमच्या हिश्शावर वर्गणीत घातले.

टाकी झाल्यावरही एक गंमत राहिली. गच्चीवरच्या टाकीला आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे सर्वांत जवळचे. म्हणून दाब आमच्याकडेच सर्वांत कमी, आणि काकूंकडे सर्वांत जास्त! पाणी अंतर पाहत नाही, उंची पाहते. यावर टाकी चौथऱ्यावर चढवली आणि आमच्या मजल्याला निराळा, रुंद नळ दिला. पंप कोणी चालू करायचा याची आठवड्याची पाळी ठरली. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पंपाने हवा धरली तर आधी त्यात पाणी भरायचे, टाकीचे झाकण कधी उघडे टाकायचे नाही, आणि दोन्ही टाक्या सहा महिन्यांनी धुवायच्या, हे पुरुषमंडळींच्या आधी आम्ही बायकाच शिकलो.

काकू आता नाहीत. कात्रजच्या नळावरचे बहुतेक हौद बुजले. खडकवासल्याच्या जोडीला पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे उभी राहिली, आणि तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायट्या या शहरात आहेत. नव्या घरात बटण दाबले की पंप आपोआप चालू-बंद होतो. ही सोय वाईट नाही. मी स्वतः ती उपभोगते. माझे सांगणे एवढेच, की पंप पाणी निर्माण करीत नाही. असलेले पाणी तो हलवतो. टाकीच्या मागे जोडला तर तो आपल्या घरचे पाणी वर चढवतो. नळावर थेट जोडला तर दुसऱ्याच्या घरचे.

नवा पंप बसवणार असाल, तर अवश्य बसवा. फक्त तो चालू करून झाल्यावर एकदा तळमजल्यावर जाऊन, तेथली तोटी उघडून तिच्यावर हात धरून पाहा.