घडीची सायकल आणि नेरळचा घाट

दुसऱ्या महायुद्धाने कल्याणनजीकच्या माळावर जी लष्करी छावणी वसविली, ती फाळणीनंतर सिंधमधून परागंदा होऊन आलेल्या निर्वासितांच्या वाट्याला आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले, तरी ‘कॅम्प नंबर चार’ ही छावणीची परिभाषा तेथील रहिवाशांच्या जिभेवरून अद्याप उतरलेली नाही. त्याच युद्धात इंग्लंडातील बी.एस.ए. कारखान्याने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल सिद्ध केली. सांगाड्याच्या मध्यावर वर एक व खाली एक असे बोटांनी पिळावयाचे दोन नट सैल केले की तिचे दोन्ही अर्ध एकमेकांवर मिटत, आणि पायडलांच्या जागी असलेल्या नुसत्या दांड्या आत ढकलल्या की अंगाला बोचण्याजोगे काही उरत नसे. गिअर मात्र तिला नव्हता; खडा चढ लागला की स्वार पायउतार.

हे पायउतार होणे त्या यंत्राचे न्यून नव्हे, तो त्याचा कुलधर्मच होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात गेरार नामक फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने मोरेल या कारखानदाराच्या साह्याने अशी सायकल घडविली, ती आल्प्सच्या पायथ्याशी, ग्रनोब्लजवळच्या दोमेन गावी. आणि त्यामागील कल्पना अशी की, रस्ता असेतो शिपायाने सायकलीवर बसावे व रस्ता संपताच तिची घडी पाठीवर बांधून चालू लागावे. पहिल्या महायुद्धात इटलीच्या बेर्सालिएरी पलटणींनी हाच प्रघात चालविला.

लहान चाकाची सायकल चढाला निकामी, हा आपल्याकडील सार्वत्रिक समज मला मान्य नाही. दाते तेच राहिले तर चाक जितके लहान, तितके पायडलाच्या एका फेऱ्यात अंतर कमी कापले जाते, म्हणजे चढ उलट सुसह्य होतो. सपाटीवर ती रेंगाळू नये म्हणून कारखानदार पुढचे दातेरी चक्र मोठे करतात आणि तेथे हा लाभ गमावला जातो. खरी अडचण निराळीच आहे. हँडल व सीट लांब नळ्यांवर उभारलेली असल्यामुळे उभ्याने जोर लावताच हँडल डुलते, आणि तीव्र वळणावर पुढचे चाक हलके पडते.

उल्हास नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यास या गोष्टींची परीक्षा घरबसल्या घेता येते. अंबरनाथ–बदलापूरच्या पश्चिमेस मलंगगड आहे, पण तेथील पायऱ्यांपुढे कोणत्याही सायकलीची मात्रा चालत नाही. कर्जत लोकलने नेरळला उतरणे श्रेयस्कर. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 साली माथेरान उजेडात आणले, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने 1907 साली नेरळहून तेथवर आगगाडी नेली. 20 फुटांस एक फूट या चढाच्या मर्यादेत राहण्यासाठी तिला सुमारे 20 किलोमीटरांची नागमोडी वाट घ्यावी लागली. मोटाररस्त्याला तो संकोच नाही. निम्म्याहूनही कमी अंतरात तो जवळजवळ तितकीच उंची गाठून दस्तुरी नाक्यावर थांबतो, आणि तेथून पुढे मोटारींना मज्जाव आहे.

चढण्याहून उतरण्याचीच धास्ती अधिक बाळगावी. लहान रिम ब्रेकच्या घर्षणाने लवकर तापते, म्हणून मधूनमधून थांबून ती निवू द्यावी लागते. तेव्हा तेवढ्या खटाटोपापेक्षा घडी करून सायकल टॅक्सीच्या डिकीत टाकणे कोणाला शहाणपणाचे वाटले, तर गेरारसाहेबांनीही त्यास हरकत घेतली नसती.