जीपला मिळाले, एमजीला नाही

बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर स्पेअर पार्ट्सच्या दुकानात शॉकअप मागितला की काउंटरवर नळकांडे येते. ‘एमजीबीचा हवा’ म्हटले की दुकानदार आधी आपल्याकडे निरखून बघतो. एमजीबीचा शॉकअप नळकांडे नसतोच. तेलाने भरलेला ओतीव डबा आणि त्यातून बाहेर आलेली लोखंडी भुजा, असे ते प्रकरण आहे.

या पोस्टिंगमध्ये ओळख झालेल्या एका निवृत्त कर्नल साहेबांकडे ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिचे चारही शॉकअप गळायला लागले आणि बदलायचे कसे, यावर आमची चर्चा सुरू झाली. चर्चा गॅरेजमधून थेट दुसऱ्या महायुद्धात गेली.

शॉकअप हे नावच मुळात फसवे. धक्का झेलते ती स्प्रिंग किंवा पाटा. त्यानंतर गाडी झुलत राहते ते थांबवणे हे शॉकअपचे काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रुफो या फ्रेंच माणसाने एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या वापरल्या. अमेरिकेत हार्टफर्डने त्या विकल्या. पुढे ऊदाईने घर्षणाऐवजी तेल आणले. बारीक छिद्रातून तेल ढकलायला जोर लागतो, त्यात झुलण्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. 1928 च्या फोर्ड मॉडेल ए ला हे भुजावाले शॉकअप कारखान्यातूनच बसून येत.

मग आली जीप. 1941 पासून युद्धासाठी लाखांच्या संख्येत बनलेल्या विलीज आणि फोर्ड जीपना उभे, नळकांड्याचे शॉकअप होते. त्यात तेल जास्त, दट्ट्याची चाल लांब आणि बाहेरून वारा लागत असल्याने ते लवकर तापत नाही. बिघडला तर दोन टोकांचे नट काढा, नवा लावा. फौजेला आणखी काय हवे? आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि 1961 मध्ये गॅब्रिएल इंडिया उभी राहिली. आज त्यांचे कारखाने चाकणला आहेत तसे बेंगळुरूजवळ होसूरलाही.

गंमत अशी, की 1962 साली बाजारात आलेल्या एमजीबीला मात्र आर्मस्ट्राँगचे भुजावालेच शॉकअप होते आणि 1980 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तेच राहिले. रणगाड्यामागून धावणाऱ्या साध्या जीपकडे जे होते, ते वेगासाठी विकल्या जाणाऱ्या गाडीला शेवटपर्यंत मिळाले नाही. मला हा निव्वळ कंजूसपणा वाटतो. साहेबांना तो अपमान वाटतो, पण गाडीचा नव्हे, माझ्या बोलण्याचा.

खरी अडचण पुढच्या चाकांना आहे. तिथे शॉकअपची भुजा हीच सस्पेन्शनची वरची भुजा असते. म्हणजे नळकांडी बसवली तरी जुना डबा काढता येत नाही. तो निकामी होऊन नुसता बिजागरी म्हणून उरतो. साहेब रविवारी नंदी हिल्सला जातात. उतारावरच्या वळणांवर चाक रस्त्याला चिकटून राहणे ही हौसेची बाब नाही, म्हणून माझा कल नळकांड्यांकडे होता.

शेवटी मिस्त्रींनी पुढचे डबे उघडले. आत दट्टे शाबूत होते, झिजले होते ते शाफ्टचे बुश. लेथवर नवे बुश करून घेतले, सील बदलले, मोटारसायकलच्या फोर्कमध्ये घालतात ते तेल भरले आणि आतली हवा निघेपर्यंत भुजा हाताने वरखाली केली. हे काम करणारे हात शहरात थोडेच उरलेत. मागे मात्र साहेबांनी माझे ऐकले. तिथला डबा फक्त शॉकअपच असतो, सस्पेन्शनचा भार त्यावर नाही. ब्रॅकेट लावून नळकांडी बसली. काढलेले दोन डबे साहेबांनी तेल पुसून, कापडात गुंडाळून, डाव्या-उजव्याची चिठ्ठी लावून डिकीत ठेवले आहेत.