पडद्यावरील अक्षर आणि कोडेकची निवड

मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या आणि फळ्यासमोर उभे राहणारे अनेक शिक्षक संगणकाच्या पडद्याचें चित्रण करून धडे पाठवूं लागले. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा-देवरीकडील जंगलपट्टींतल्या मुलाला लहानशा फोनवर असा धडा वाचतां येईल काय, हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. पण त्याच्या मुळाशीं अर्धशतकाचा इतिहास आहे.

१९२० बाय १०८० ठिपक्यांचीं, सेकंदास तीस चित्रें जशींच्या तशीं साठविल्यास दहा मिनिटांच्या धड्यास सुमारें ११२ गिगाबाइट जागा लागेल. म्हणून चित्र आंवळून बांधणारी व पुन्हां उलगडणारी युक्ति हवी. तिलाच कोडेक म्हणतात. १९७४ सालीं नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनीं एक गणिती रीत प्रसिद्ध केली. हळूहळू पालटणारी छटा तिच्यायोगें थोडक्या आंकड्यांत मांडतां येते आणि डोळ्यांस न जाणवणारा बारकावा गाळतां येतो. १९८८ चा एच्. २६१ आणि २००३ चा एच्. २६४ हे याच पायावर उभे राहिले.

परंतु ही रीत वाढली ती कॅमेऱ्यानें टिपलेल्या चित्रांसाठीं. चेहऱ्याची छटा हळूहळू बदलते. अक्षराची कड एकदम तुटते. शिवाय रंगाची नोंद बहुधा चार ठिपक्यांस मिळून एकच ठेवतात. चेहऱ्यावर हें खपून जातें; निळ्या पाटीवरील तांबडें अक्षर मात्र फिसकटतें, आणि अनुस्वार पुसला गेला कीं 'चिंते'ची 'चिता' होते!

पडद्यावरील मजकुरासाठीं खास सोयी एच्. २६५ मध्यें २०१६ सालीं जोडल्या गेल्या. २०१८ च्या एव्ही१ मध्येंही त्या आहेत. तथापि साध्या व जुन्या फोनला हे प्रकार उलगडणें जड जातें. एच्. २६४ मात्र बहुतेक सर्वत्र चालतो.

यावर उपाय जुन्या पोथ्यांचाच आहे: मूळ प्रत जपावी, नक्कल वाचावयास द्यावी. मूळ चित्रण एफ्एफ्व्ही१ सारख्या, एकही ठिपका न गाळणाऱ्या कोडेकमध्यें ठेवावें. पाठवावयाची प्रत त्यावरूनच एच्. २६४ मध्यें काढावी. नकलेवरून नक्कल केल्यास प्रत्येक वेळीं कांहींतरी गळतें. फाईल लहान करणें असेल तर आधीं सेकंदाचीं चित्रें तीसवरून पंधरा करावीं. स्थिर पाटीचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. अक्षरें मोठीं, पांढऱ्यावर काळीं ठेवावीं. आणि धडा धाडण्यापूर्वीं एकदां साध्या फोनवर त्यांतील अनुस्वार वाचून पाहावे.