यादीत न आलेलं नाव

१६ एप्रिल २००७, सोमवार. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं आणि मग स्वतःला संपवलं. त्या ३२ जणांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. ती ज्या तासाला बसली होती, तो तास घेणारे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन मूळचे तामिळनाडूचे. तेही गेले.

धामणगाव रेल्वेच्या फलाटावरून मुंबईची गाडी धरून, पुढे विमानाने एमएस करायला जाणारी मुलं आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांना निरोप द्यायला आलेल्या आईबापांसाठी हा घटनाक्रम लिहितो आहे. तिथलं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे होतं. मारेकऱ्याचं नाव मी लिहिणार नाही.

या दिवसाचे वृत्तान्त सकाळी सव्वासातपासून सुरू होतात. माझ्या मते ती सुरुवात चुकीची आहे. खरी सुरुवात सोळा महिने आधीची.

१३ डिसेंबर २००५
एका विद्यार्थिनीला नकोसे निरोप पाठवल्याबद्दल विद्यापीठाच्या पोलिसांनी पुढे मारेकरी ठरलेल्या त्या विद्यार्थ्याला समज दिली. त्यानंतर त्याने सोबत राहणाऱ्या मुलाला कळवलं की आता जीव दिलेलाच बरा. ती रात्र त्याने मनोरुग्णालयात काढली.

१४ डिसेंबर २००५
दुसऱ्या दिवशी विशेष न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. मानसिक आजारामुळे याच्या हातून याच्याच जिवाला धोका आहे, असा निर्णय झाला आणि दवाखान्यात भरती न करता बाहेरून उपचार घेण्याचा हुकूम निघाला. त्याच दुपारी तो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जाऊन आला. पुढे तो का येत नाही, हे कुणी विचारलं नाही.

इथे जरा थांबायला हवं. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या त्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकेत शस्त्रनियंत्रणाचा कायदा झाला. मानसिक आजारामुळे धोकादायक असल्याचा निवाडा ज्याच्याबद्दल झाला आहे, त्याला बंदूक विकत घेता येणार नाही, हे त्या कायद्यात आहे. दुकानदाराला ते कळावं म्हणून १९९८ पासून संगणकावर देशव्यापी तपासणी सुरू झाली. म्हणजे या मुलाला पिस्तूल मिळायलाच नको होतं. पण व्हर्जिनियात फक्त सक्तीने भरती केलेल्या रुग्णांची नावं या तपासणीच्या यादीत धाडायची पद्धत होती. बाहेरून उपचाराचा हुकूम झालेल्यांची नावं पुढे जात नसत. अशी माहिती मुळीच न पाठवणारी राज्यं तेव्हा निम्म्याहून अधिक होती, त्या मानाने व्हर्जिनिया पुढारलेलं राज्य. न्यायाधीशाचा निर्णय कागदावर आला, फाइलला लागला आणि तिथेच राहिला.

९ फेब्रुवारी २००७
इंटरनेटवरून मागवलेलं पहिलं पिस्तूल त्याने विद्यापीठासमोरच्या दुकानातून उचललं. तपासणीत नाव सापडलं नाही.

१३ मार्च २००७
दुसरं पिस्तूल, रोनोक शहरातल्या दुकानातून. दोन खरेद्यांत ३२ दिवसांचं अंतर पडलं, ते कायद्यामुळे. व्हर्जिनियातून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या चोरट्या बंदुकांना आळा बसावा म्हणून १९९३ मध्ये राज्यपाल डग्लस वाइल्डर यांच्या काळात दोन्ही पक्षांच्या मतांनी नियम झाला होता: महिन्याला एकच पिस्तूल. त्याने महिना जाऊ दिला आणि पुन्हा दुकानात गेला. पुन्हा तपासणी झाली, पुन्हा यादी कोरी निघाली. १० गोळ्यांहून मोठ्या नव्या मॅगझिनवर १९९४ मध्ये आलेली देशव्यापी बंदीही सप्टेंबर २००४ मध्ये मुदत संपून गेली होती. संसदेने ती वाढवली नाही. त्यामुळे १५ गोळ्यांची मॅगझिनही त्याला राजरोस मिळाली.

आपल्याकडे रोही आणि रानडुकरांनी तूर-सोयाबीनची नासाडी केल्यावर शेतकरी बंदुकीचा परवाना मागतो, तेव्हा अर्ज अमरावतीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, चौकशी दत्तापूर पोलीस ठाण्याकडे येते, आणि शरीर-मन धड असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्रही आज लागतं. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. या हेलपाट्यांवर शेतकरी चिडतो, आणि पीक डोळ्यांदेखत जाताना त्याचं चिडणं मला समजतं. तरी बंदूक हा हक्क नसून सरकारने जबाबदारीवर दिलेली परवानगी आहे, ही १९५९ च्या शस्त्र कायद्याची भूमिका मला योग्य वाटते. आपण फार बढाई मारावी असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच सत्ताधारी आमदाराला मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळीबार केल्याच्या आरोपावरून अटक झाली.

१६ एप्रिल, सकाळी ७.१५ (धामणगावात दुपारचे ४.४५)
मुलामुलींच्या एका वसतिगृहात पहिल्या गोळ्या. एक विद्यार्थिनी आणि तिच्या मदतीला धावून आलेला विद्यार्थी, असे दोघे गेले.

७.२४
पोलीस पोहोचले. मारेकरी आपल्या खोलीवर जाऊन कपडे बदलत होता. पोलिसांचा संशय मुलीच्या मित्रावर गेला, कारण त्याच्याकडे बंदुका असल्याचं कळलं होतं. तो गावाबाहेर गेला असावा असं धरून शोध सुरू झाला. त्या माणसाचा या प्रकाराशी संबंध नव्हता.

८.२५
विद्यापीठाचे वरिष्ठ अधिकारी बैठकीला बसले. विद्यार्थ्यांना काय कळवायचं, केव्हा कळवायचं, किती कळवायचं? दोन खून होऊन तास उलटला होता आणि हजारो मुलं वर्गांकडे निघाली होती. पुढे शिक्षण खात्याने या उशिराबद्दल विद्यापीठाला दंड केला.

९.०१ (सायंकाळचे ६.३१)
मारेकरी टपाल कार्यालयात. आपली छायाचित्रं आणि चित्रफिती घातलेलं पाकीट त्याने एका दूरचित्रवाहिनीला पाठवलं.

९.०५
नॉरिस हॉलमध्ये तास सुरू झाले. २०६ क्रमांकाच्या खोलीत लोगनाथन सर जलशास्त्र शिकवत होते, समोर १३ विद्यार्थी. मुंबईची विद्यार्थिनी त्यांतली एक.

९.२६
अखेर ई-मेल निघाला. वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली आहे, सावध राहा. कुणी मेलं हे त्यात नव्हतं, मारेकरी मोकळा आहे हेही नव्हतं. वर्गात बसलेल्यांपैकी कितींनी तो वाचला असेल? याच सुमारास नॉरिस हॉलच्या तिन्ही मुख्य दारांना आतून साखळदंड लागत होते.

९.४० (सायंकाळचे ७.१०)
तो आधी २०६ मध्ये शिरला. त्या खोलीतले ९ विद्यार्थी आणि सर गेले. दोघे जखमी झाले, दोघांना इजा झाली नाही. मग तो समोरच्या आणि शेजारच्या वर्गांत गेला. २०५ मधल्या मुलांनी मोठं टेबल दाराला रेटून धरलं. दारातून गोळ्या आल्या, पण ती खोली वाचली. २०४ मध्ये ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हियू लिब्रेस्कू दार अडवून उभे राहिले आणि मुलांना खिडकीतून उड्या टाकायला सांगत राहिले. ज्यूंच्या संहारातून लहानपणी वाचलेला हा माणूस त्या संहाराच्या स्मृतिदिनीच मारला गेला.

९.४५
पोलीस इमारतीशी. दारं साखळ्यांनी बंद. शेवटी एका बाजूच्या दाराचं कुलूप गोळीने उडवून ते आत शिरले.

९.५०
दुसरा ई-मेल. बंदूकधारी आवारात मोकळा आहे, इमारतीतून बाहेर पडू नका.

९.५१ (सायंकाळचे ७.२१)
पोलीस जिन्यावर असताना त्याने स्वतःवर गोळी झाडली. अकरा मिनिटांत १७४ गोळ्या, ३० बळी. सकाळचे दोन धरून ३२.

इथे बहुतेकांचा घटनाक्रम संपतो. मला पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे काय व्हायचं ते तिथे ठरत गेलं.

१७ एप्रिल २००७
शोकसभेत रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट राज्यपाल टिम केन दोघेही बोलले.

३० एप्रिल २००७
केन यांनी आदेश काढला. बाहेरून उपचार घेण्याचा हुकूम झालेल्यांची नावंही यापुढे यादीत जातील. जे सोळा महिने झालं नाही, ते दोन आठवड्यांत एका सहीने झालं. ही तारीख वाचताना मला आजही सर्वांत जास्त त्रास होतो.

८ जानेवारी २००८
राज्यांनी अशी माहिती देशाच्या यादीत धाडावी म्हणून केलेल्या कायद्यावर बुश यांची सही झाली. तो मांडला होता कॅरोलिन मॅकार्थी यांनी. त्यांचे पती १९९३ च्या रेल्वेतल्या गोळीबारात गेले होते. बंदूकधारकांची संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशननेही या कायद्याला विरोध केला नाही. यादीत नाव असावं, इतपत गोष्टीवर दोन्ही पक्ष एकत्र येऊ शकत होते. त्यापुढे ते आले नाहीत.

२०१२
महिन्याला एक पिस्तूल हा नियम रिपब्लिकनांच्या वर्चस्वाखालच्या व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने रद्द केला. राज्यपाल बॉब मॅकडोनेल यांनी सही केली. त्याच डिसेंबरात सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली.

१७ एप्रिल २०१३
बंदुकांच्या जत्रेत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीलाही तपासणी लावणारी दुरुस्ती अमेरिकेच्या सिनेटपुढे आली. बाजूने ५४, विरोधात ४६. विरोधकांची अडवणूक मोडायला ६० मतं लागत होती, म्हणून बहुमत असूनही ती पडली. बाजूने मत देणारे रिपब्लिकन चार होते, विरोधात गेलेले डेमोक्रॅटही जवळपास तितकेच. आपल्या पक्षाच्या भूमिकेबाहेर जाणं तिथे किती अवघड झालं होतं, ते या आकड्यांतून दिसतं.

२०२०
व्हर्जिनियाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे आली. जानेवारीत हजारो लोक राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, निदर्शनाला जमले, त्यांतल्या अनेकांच्या खांद्यावर बंदुका होत्या. एप्रिलमध्ये राज्यपाल राल्फ नॉर्थम यांनी महिन्याला एक पिस्तूल हा नियम परत आणला, सगळ्या बंदूक-विक्रीला तपासणी लावली आणि धोकादायक ठरलेल्या माणसाची शस्त्रं न्यायालयामार्फत तात्पुरती काढून घेण्याची तरतूद केली.

२०२४
राज्यपाल बदलले होते. रिपब्लिकन ग्लेन यंगकिन यांनी बंदुकांवर बंधनं आणणारी डझनावारी विधेयकं सही न करता परत पाठवली.

१९९३ ला आलेला नियम २०१२ ला गेला आणि २०२० ला परत आला. तो चांगला की वाईट, हे त्याने किती जीव वाचवले यावरून ठरायला हवं. ते ठरतं सभागृहात कुणाच्या खुर्च्या जास्त आहेत यावरून. या एका नियमाने ब्लॅक्सबर्ग वाचलं नसतं, हे मला मान्य आहे. वाचवू शकली असती ती १४ डिसेंबर २००५ ची एक नोंद. पण ज्या राजकारणात प्रत्येक नियम विरुद्ध पक्षाचा विजय ठरतो, तिथे साध्या नोंदीची काळजी करायला कुणाला सवड उरत नाही, आणि ३२ माणसं गेल्याशिवाय सही होत नाही.

धामणगाव, चांदूर, पुलगावच्या आईबापांनी एवढं करावं: मुलाने प्रवेश घेतला की विद्यापीठाच्या आणीबाणीच्या संदेशसेवेत त्याने आपला मोबाइल क्रमांक घातला का, ते विचारा. २००८ पासून असा इशारा ताबडतोब देणं तिथल्या विद्यापीठांना कायद्याने बंधनकारक आहे. आणि व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स, लाउडन परगण्यांत घरं करून तिथले नागरिक झालेल्या मराठी माणसांना एक विनंती. पिस्तुलाचा नियम ठरतो रिचमंडच्या विधिमंडळात, आणि त्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर विषम वर्षी होते. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा गाजावाजा त्या वर्षी नसतो, म्हणून घरी बसू नका. मत द्या, आणि मत मागायला येणाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, यादीबद्दल विचारा.