पाहुणी म्हणून दीक्षाभूमीवर

जय भीम, सेवा जोहार, नमस्कार मैत्रिणींनो!

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बचत गटांत हे तिन्ही नमस्कार एकाच सतरंजीवर ऐकू येतात. बचत सोबत, कर्जाचा हप्ता सोबत, सण मात्र ज्याचे त्याचे. आमच्या गटातही बरीच वर्षं असंच चाललं. मग एका वर्षी बौद्ध मैत्रिणी म्हणाल्या, "ऑक्टोबरात आम्ही चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो. यंदा तुम्ही पण चला." आम्ही निघालो, आणि निघतानाच चुकलो.

गाडीत बसल्यावर आमच्यातल्या एकीनं सवयीनं करंडा काढला आणि सगळ्यांना कुंकू लावत आली. सोबतच्या बौद्ध आजींनी तिचा हात हळूच धरला. "राहू दे माय, आम्ही नाही लावत." दुसरी पटकन बोलून गेली, "पण आधी तर तुम्ही लावत होत्या ना?" गाडीतल्या सगळ्या गप्प. थोड्या वेळानं आजीच म्हणाल्या, "त्या 'आधी'तून बाहेर पडायलाच माझी माय मला कडेवर घेऊन चांद्याला गेली होती."

मैत्रिणींनो, तो 'आधी' काय होता, हे समजलं की पाहुणीनं कसं वागावं हे वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा सार्वजनिक विहिरीवर यांना घागर लावता येत नव्हती. देवळाची पायरी बंद. पाणी मिळालं तर वरून ओंजळीत. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह केला. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. तरी दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं त्यांनी अभ्यास केला, विचार केला. म्हणजे हे धर्मांतर रागाच्या भरात झालं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमीचा दिवस. नागपुरात भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेब आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी स्वतः लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते आपल्या चंद्रपुरात आले. तेव्हा चांदा म्हणत. गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. त्यामुळे हा सगळा जंगलपट्टा चांद्याचाच. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी इथला सोहळा भरवायला पुढाकार घेतला होता. पुढं ते राज्यसभेचे उपसभापती झाले. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा फार खालावली होती. तरी ते आले आणि त्यांनी स्वतः दीक्षा दिली. त्यानंतर एक्कावन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, ते गेले. चांद्याचा सोहळा थोडा जरी पुढं ढकलला असता, तर आजींच्या मायला बाबासाहेब दिसलेच नसते.

आजींना स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. मायनं सांगितलेलं तेवढं ठाऊक. शिदोरी फडक्यात बांधलेली, अंगावर पांढरं लुगडं, आणि गर्दीत लेकरू हरवू नये म्हणून पदराची गाठ लेकीच्या झग्याला मारलेली. "परत आली तेव्हा गाव तेच होतं," आजी म्हणाल्या, "पण माय मान वर करून चालली."

नागपूरला दसऱ्याच्या तिथीला गर्दी होते. चंद्रपूरला मात्र १५ आणि १६ ऑक्टोबर या तारखाच धरतात. डॉ. आंबेडकर महाविद्यालयाच्या आवारात ही दीक्षाभूमी आहे. आम्ही पोचलो तर सगळीकडे पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पंचरंगी धम्मध्वज. वाटेत जेवणदानाचे मंडप. आणि पुस्तकांची दुकानं तर विचारू नका! जत्रेत आपण बांगड्या घेतो, तशा तिथं बाया पुस्तकं घेत होत्या. आजींना वाचता येत नाही, तरी त्यांनी नातीसाठी दोन घेतली.

आम्ही जे शिकलो ते असं. चपला बाहेर. बुद्धमूर्तीसमोर फूल, मेणबत्ती, अगरबत्ती चालते. नारळ, गुलाल, हळदकुंकू न्यायचं नाही, कारण ती जुनी पूजा त्यांनी प्रतिज्ञा घेऊन सोडली आहे. वंदना सुरू झाली की बोलणं बंद, मोबाईल पिशवीत. आपल्याला म्हणता येत नसेल तर हात जोडून शांत राहावं. कुणी जबरदस्ती करत नाही. भन्तेजी किंवा कुणी बाई डोळे मिटून बसली असेल, तर न विचारता फोटो काढू नये. जेवण दिलं तर मागं सरू नये. ज्यांच्या हातचं पाणी एकेकाळी नाकारलं गेलं, त्यांच्या मंडपात "आत्ताच खाऊन आलो" हे शब्द फार लागतात. आम्ही पंगतीत बसलो, पोटभर जेवलो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुन्या जातीचं नाव काढू नये, "तुम्ही आधी कोण?" विचारू नये. सोडून आलेलं ओझं परत डोक्यावर देण्यासारखं आहे ते.

वंदनेत पंचशील म्हटलं गेलं. त्यात नशा न करण्याचं शील आहे. दारूबंदीसाठी उन्हातान्हात मोर्चे काढलेल्या आम्ही बाया एकमेकींकडे पाहून हसलो. हे तर आपलंच काम!

परतताना करंडेवाली मैत्रीण आजींशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "आजी, चुकलं माझं." आजी म्हणाल्या, "विचारलंस म्हणून तर सांगता आलं."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत एक गोष्ट बोलायची राहिलेली आम्ही बोललो. आमची बैठक हळदकुंकू लावून आणि नारळ फोडूनच सुरू व्हायची. इतकी वर्षं बौद्ध मैत्रिणी त्या वेळी दारापाशी थांबायच्या. आम्हाला वाटायचं, त्या उशिरा येतात. एक-दोघी कुरकुरल्या, पण ठराव झाला. आता आधी सगळ्या गोल बसतो, हजेरी घेतो आणि मग पहिला हप्ता. दारात कुणी उभी राहत नाही.

तुमच्या गटाची बैठक कशी सुरू होते? त्या वेळी दाराशी कोण उभी असते, तेवढं या वेळी पाहा.